गटाच्या गाडीचे ब्रेक : काय बदलायचं, काय नाही आणि कितीला घ्यायचं?

अभ्यासपाठ : गटाची गाडी, गटाचा हिशेब



मागच्या पाठात आपण टायरचा हिशेब शिकलो. या वेळचा विषय ब्रेकचा आहे. "हे मेकॅनिकचं काम, आम्हाला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून हे पान उलटू नका. गाडी गटाच्या नावावर आहे, हप्ता आपण भरतो आणि गाडीत बसतोही आपणच. आपल्यापैकी काही गटांनी २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून गाडी घेतली, काहींनी बँकेच्या कर्जातून, काहींनी बचतीतून. पैसा कुठलाही असो, दुरुस्तीचं बिल शेवटी गटाच्या वहीतच येतं.

हा पाठ आमच्या गटाने पैसे मोजून शिकलेला आहे. म्हणून आधी आमची गोष्ट सांगते.

कुंभार्लीच्या उतारावर

आमची गाडी मारुती ईको. कोयनेच्या बाजूच्या वाड्यांतून माल आणि बायका घेऊन ती आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या बाजाराला जाते. गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. गाडीत आम्ही सहा जणी, मागे नाचणीच्या पापडांची खोकी. घाट निम्मा उतरलो आणि गाडी चालवणारी आमची ताई हळूच म्हणाली, "पेडल आत चाललंय गं." कुणी काही बोललं नाही. तिने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, पेडल दोन-चार वेळा भराभर दाबलं, वेग कमी केला आणि डोंगराच्या बाजूला गाडी लावली. चाकांना जळका वास येत होता. अर्धा तास थांबलो, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळूहळू खाली उतरलो. देवाची कृपा आणि ताईचं डोकं, म्हणून आज हे लिहितेय.

खाली एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी पुढची दोन चाकं काढून बघितली आणि कागदावर आकडा लिहून दिला. पुढच्या दोन डिस्क ३,८०० रुपये, पुढचे पॅड १,४५०, मागचे शू १,२५०, मागचे दोन व्हील सिलिंडर १,३००, ब्रेक ऑइल ३००, मजुरी १,८००. एकूण ९,९०० रुपये. "सगळा सेट बदला, मग निर्धास्त," म्हणाले.

गाडीच्या दुरुस्ती खात्यात तेव्हा सहा हजारही नव्हते आणि हप्ता पाच दिवसांवर आला होता. रात्री तातडीची बैठक बसली. एक जण म्हणाली, गाडी विकून टाका. दुसरी म्हणाली, बाजारात चारशे रुपयांत पॅड मिळतात, ते टाकू. तिसरी म्हणाली, जीव महत्त्वाचा, उधारी करू पण सगळं बदलू. तिघींचंही थोडं थोडं बरोबर होतं आणि थोडं थोडं चूक. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व्हिस सेंटरमध्ये काम केलेल्या एका अनुभवी मेकॅनिकला गावात बोलावलं आणि चारही चाकं डोळ्यांसमोर उघडून घेतली. शेवटी ४,७०० रुपयांत काम झालं. घाटाला पुरेल असं, पक्कं काम.

उरलेले ५,२०० रुपये कसे वाचले, ते आज समजून घ्यायचंय.

आधी ब्रेकची ओळख

बहुतेक लहान व्हॅनमध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतो आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक.

पुढे चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात ते पॅड. चिमटीचं काम करणारा भाग म्हणजे कॅलिपर. मागे लोखंडी डबा फिरतो, तो ड्रम. त्याच्या आत अर्धगोल पट्ट्या असतात, ते शू. व्हील सिलिंडर त्यांना बाहेर ढकलतो, शू ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं.

आपण पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर नळ्यांमधून ब्रेक ऑइल ढकलतो. त्याला ऑइल म्हणतात खरं, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. चुकूनही दुसरं तेल त्यात घालायचं नाही. आतली रबरं फुगतात आणि सगळी यंत्रणा खराब होते.

यातले झिजण्यासाठीच बनवलेले भाग दोन : पॅड आणि शू. ते वहाणेच्या तळव्यासारखे आहेत, संपणारच. डिस्क आणि ड्रम झिजतात, पण खूप हळू. बाकीचे भाग बिघडले तरच बदलायचे. एवढं लक्षात ठेवलं तरी "सगळा सेट बदला" या वाक्यावर प्रश्न विचारता येतो.

झीज मोजायची कशी?

अंदाजाने बदलायचं नाही, मोजून बदलायचं.

पॅड : नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तो तीन मिलिमीटरपर्यंत आला की बदलायची वेळ आली समजा. मोजपट्टी नसेल तर एक रुपयाची दोन नवी नाणी एकावर एक ठेवा, ती जाडी साधारण तीन मिलिमीटर भरते. मागची लोखंडी पट्टी यात धरायची नाही, फक्त पुढचा थर धरायचा. आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड बघा. एक जाड आणि एक पातळ असेल तर कॅलिपर नीट सरकत नाही असं समजा. बऱ्याचदा त्याच्या पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं की काम भागतं.

डिस्क : बहुतेक डिस्कवर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. मेकॅनिककडे किंवा लेथवाल्याकडे व्हर्निअर कॅलिपर असतो, त्याने तीन-चार ठिकाणी मोजून घ्या. जाडी त्या आकड्याच्या वर असेल, तडा नसेल, खोल चरे नसतील आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत नसेल, तर डिस्क बदलायचं कारण नाही. आमची डिस्क किमान जाडीपेक्षा दीड मिलिमीटर जास्त भरली. ३,८०० रुपये तिथेच वाचले.

शू : ड्रम काढल्याशिवाय दिसत नाहीत. ड्रम न काढताच "शू गेलेत" असं कुणी म्हणालं, तर "काढून दाखवा दादा" असं सांगायला संकोच करू नका. आमच्या शूला थर भरपूर होता, तरी आम्ही ते बदलले. कारण डावा व्हील सिलिंडर पाझरत होता आणि ब्रेक ऑइल शूच्या थरात मुरलं होतं. तेलकट झालेला थर पुसून किंवा घासून पहिल्यासारखा होत नाही. तिथे काटकसर केली असती तर जिवाशी खेळ झाला असता.

ब्रेक ऑइल : हे हवेतला ओलावा ओढून घेतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून आत जातं. आमच्या घाटातल्या प्रसंगाचं मोठं कारण हेच होतं. पॅड संपत आले होते आणि ऑइल काळं पडलं होतं. गाडी घेतल्यापासून ते कधी बदललंच नव्हतं. साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायला हवं. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तेच घ्यायचं. बाटली सीलबंद हवी. उघडून महिने झालेली उरलेली बाटली फुकट दिली तरी नको.

टाकीतली पातळी खाली गेली तर लगेच ओतू नका. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच. झपाट्याने उतरली तर कुठेतरी गळती आहे. नुसतं ओतत राहिलं तर दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही.

लक्षणावरून अंदाज

ब्रेक लावताना किणकिण, किरकिर असा बारीक आवाज येत असेल तर बऱ्याच पॅडना असते ती सूचनापट्टी घासतेय. पॅड बघून घ्या. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर गाडी चालवूच नका. पॅड संपून डिस्क खाल्ली जात असते आणि मग दोन्हींचा खर्च बसतो.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येते आणि मग थांबते. तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो. त्याला काही बदलायची गरज नाही.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक अडकलाय किंवा तेलकट झालाय. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर नळीत हवा आहे. "एअर काढून द्या" असं सांगा. पेडलवर पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर तपासायला लावा. हँड ब्रेक फार वर ओढावा लागत असेल तर आधी तो आवळून घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

बाजारात तीन प्रकारचा माल

समजा, पॅड बदलायचेच आहेत असं ठरलं. दुकानात गेल्यावर तीन प्रकार समोर येतात.

पहिला, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. याला दुकानदार "कंपनीचा" किंवा "जेन्युइन" म्हणतात. बसण्याबद्दल शंका नाही, भाव सगळ्यात जास्त.

दुसरा, ब्रेक बनवणाऱ्या नामांकित कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला. गाडी बनवणाऱ्या कंपन्या पॅड, शू असे बरेच भाग स्वतः बनवत नाहीत, ब्रेकचंच काम करणाऱ्या कारखान्यांकडून घेतात. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश अशा कंपन्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या नावाने दुकानात मिळतो. आपल्या गाडीच्या मॉडेलसाठीचाच असेल तर हा माल चांगला आणि बहुधा स्वस्तही पडतो. आम्ही पॅड आणि शू याच प्रकारातले घेतले.

तिसरा, बिननावाचा किंवा नावाची नक्कल केलेला. हा भुलवतो. त्या रात्री बैठकीत चारशेच्या पॅडची गोष्ट निघाली, पण ते आम्ही आधी एकदा वापरलेले होते. आठ हजार किलोमीटरमध्ये संपले आणि आवाज तर पहिल्या आठवड्यापासून.

हिशेब करून बघा. चारशेचे पॅड आणि बसवायची मजुरी तीनशे, म्हणजे सातशे रुपयांत आठ हजार किलोमीटर. किलोमीटरला पावणेनऊ पैसे. चांगले पॅड १,१५० आणि मजुरी तीनशे, म्हणजे १,४५० रुपये. समजा ते पंचवीस हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला सहा पैशांच्याही आत. स्वस्तातले पॅड महाग पडले आणि घाटात भरवसा नाही तो वेगळाच. म्हणून पार्टचा भाव डब्यावर बघायचा नाही, किलोमीटरवर बघायचा.

आणखी एक गोष्ट. जुन्या आणि हलक्या प्रकारच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरला जातो. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. डब्यावर अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असं लिहिलंय का ते बघा. ड्रममधली धूळ कुणी हवेच्या नळीने उडवत असेल तर मुलांना घेऊन तिथे उभ्या राहू नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा.

दुकानात जाताना

आरसी बुकाची झेरॉक्स जवळ ठेवा. चॅसिस नंबरवरून कंपनीच्या पार्ट काउंटरवर तुमच्या गाडीला लागणारा नेमका पार्ट नंबर काढून मिळतो. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे आणि एबीएस आहे की नाही त्याप्रमाणे काही भाग वेगळे असू शकतात. "ईकोचे पॅड द्या" एवढं सांगून आणलेला पार्ट बसला नाही तर एक फेरी आणि अर्धा दिवस गेलाच. तो पार्ट नंबर गाडीच्या वहीत कायमचा लिहून ठेवा.

तो नंबर घेऊन किमान तीन ठिकाणी भाव विचारा. फोनवर विचारलं तरी चालतं. विचारताना कंपनीचं नाव, पार्ट नंबर आणि "हातात पडणारी शेवटची किंमत किती" असं विचारा. "एमआरपीवर चाळीस टक्के सूट" या बोलण्याने हुरळून जाऊ नका. काही डब्यांवर एमआरपीच इतकी फुगवून छापलेली असते की सूट देऊनही माल महागच पडतो. सुटीचा टक्का विसरा, द्यायचे रुपये बघा.

डबा हातात घेतला की या गोष्टी तपासा. सील फुटलेलं नाही ना? कंपनीच्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना? पार्ट नंबर, बॅच नंबर, बनवल्याचा महिना-वर्ष आणि बनवणाऱ्याचा पत्ता छापलाय ना? एमआरपीच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली नाही ना? पॅडचा थर कडेला नखाने भुगा होतोय का? चारही पॅड एकसारखे आहेत का? पॅड नेहमी दोन्ही चाकांचे मिळून चार असा संच घ्यायचा. एकाच चाकाचे बदलले तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. शूचंही तसंच.

एमआरपी, जीएसटी आणि पक्कं बिल

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून असलेली कमाल किंमत. तिच्यावर "अधिक जीएसटी" लावून कुणी पैसे मागत असेल तर ते चूक आहे. एमआरपीपेक्षा जास्त घेणं हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे जुन्या छापाचा डबा समोर आला तर "नवा भाव कितीचा दादा?" असं जरूर विचारा.

"बिल हवं असेल तर १८ टक्के वाढतील," हे वाक्य सगळ्यांनीच ऐकलंय. ज्या दुकानाची किंवा गॅरेजची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला आपल्याकडून जीएसटी घेता येत नाही. नोंदणी असेल तर बिलावर पंधरा अंक-अक्षरांचा नंबर असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. बिलाशिवाय पार्टची वॉरंटी नाही आणि गटाच्या लेखापरीक्षणातही अडचण येते. चार पैसे वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर खर्च टाकला, तर उद्या गटात संशयाला जागा होते. गाडीचं दुखणं बरं करता येतं, संशयाचं अवघड.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बिल आणि डबा जपून ठेवलेला असेल तर तक्रारीला वजन येतं.

मेकॅनिकदादांशी बोलणं

सगळे मेकॅनिक फसवतात असं मनात धरून जाऊ नका. सगळा सेट बदलायला सांगण्यामागे कधी लबाडी असते, पण बऱ्याचदा भीती असते. "उद्या काही झालं तर माझ्यावर येईल," असं त्यांना वाटतं. आपण मोजून दाखवायला सांगितलं की दोघांचीही भीती जाते.

पार्टवर मेकॅनिकला थोडं सुटतं, त्यावरही त्याचं घर चालतं. आपण पार्ट बाहेरून आणला तर तो मजुरी थोडी जास्त मागेल. त्यात गैर काही नाही, पण काम सुरू होण्याआधी ठरवा. "पार्ट आम्ही आणणार, मजुरी तुमची, एअर काढणं आणि पिना साफ करणं त्यातच. किती घ्याल?" एवढं बोलून आकडा कागदावर घ्या.

जुने काढलेले पार्ट नव्याच्या डब्यात घालून परत मागा. आम्ही ते बैठकीत सतरंजीवर मांडले. ज्या ताया कधी गाडीत पुढे बसल्या नव्हत्या, त्यांनीही संपलेला पॅड आणि नवा पॅड हातात घेऊन बघितला. त्या दिवसापासून दुरुस्तीच्या बिलावर आमच्यात भांडण झालेलं नाही.

आमचा हिशेब

आम्ही शेवटी केलेला खर्च असा : पॅड १,१५०, शू १,०५०, दोन व्हील सिलिंडर १,०४०, ब्रेक ऑइल २६०, मजुरी १,२००. एकूण ४,७००. हे आमच्याकडचे तेव्हाचे भाव आहेत. तुमच्या गाडीचे आणि गावचे वेगळे असतील.

आता वाचलेल्या ५,२०० रुपयांची फोड करा. तीन दुकानं फिरून भावात वाचले फक्त ८०० रुपये. मजुरीत वाचले ६००. आणि न लागणारी डिस्क न बदलल्याने वाचले ३,८००. घासाघीस आपण सगळ्याच जणी छान करतो, पण मोठा पैसा घासाघिशीत नव्हताच. तो "खरंच बदलायचं आहे का?" या एका प्रश्नात होता. आणि जे बदलायचं होतं, तिथे आम्ही हात आखडला नाही.

काम झाल्यावर

गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबून बघा. पॅड बदलल्यावर पहिल्या एक-दोन दाबांना पेडल आत जातं, म्हणून हे उभ्या गाडीतच करायचं. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात तपासा. लगेच घाटात जाऊ नका. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला साधारण दोन-तीनशे किलोमीटर लागतात. तोवर शक्यतो जोरात ब्रेक मारणं टाळा.

आणि उतारावरची सवय बदला. घाट चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरवर उतरायचं. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. इंजिन बंद केलं की पेडल जड होतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दहा-वीस रुपयांच्या पेट्रोलसाठी हजारांचे पॅड जळतात, आणि त्यापुढचं मी लिहीत नाही.

लक्षात ठेवा

१. आधी चारही चाकं उघडून मोजायची, मग बदलायचं.
२. पॅडचा थर दोन नाण्यांएवढा उरला की बदलायची वेळ.
३. तेलकट झालेला शू, तडा गेलेली डिस्क, गळणारा सिलिंडर : इथे काटकसर नाही.
४. पार्ट नंबर घेऊन तीन दुकानांत हातात पडणारा भाव विचारायचा.
५. पॅड आणि शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम.
६. सीलबंद ब्रेक ऑइल, साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदल.
७. पक्कं बिल आणि जुने पार्ट दोन्ही गटात दाखवायचे.

पुढच्या बैठकीत करायचा अभ्यास

गाडीच्या वहीत एक पान ब्रेकसाठी राखून ठेवा. त्यात तारीख, किलोमीटर, काय बदललं, पार्ट नंबर, दुकान, रक्कम आणि वॉरंटी असे रकाने आखा. मग एकत्र बसून या प्रश्नांची उत्तरं लिहा.

आपल्या गाडीचे पॅड शेवटचे कधी आणि किती किलोमीटरवर बदलले? ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? झाकणावर डॉट ३ लिहिलंय की डॉट ४? मागच्या ब्रेकच्या बिलात असं काही होतं का, जे मोजून न बघता बदललं? दुरुस्तीसाठी आपण किलोमीटरमागे किती बाजूला टाकतो? समजा पन्नास पैसे टाकले आणि गाडी महिन्याला पंधराशे किलोमीटर चालली, तर महिन्याला ७५० रुपये जमतात. आमचं ४,७०० चं बिल साधारण सव्वासहा महिन्यांत निघालं असतं, हप्त्याला धक्का न लावता.

फिटनेस तपासणीतही ब्रेक बघतात. प्रवासी आणि मालवाहू गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करावं लागतं. त्याच्या महिनाभर आधी हे पान उघडलंत तर ऐनवेळची धावपळ आणि ऐनवेळचा चढा भाव, दोन्ही टळतील.

आमची ताई आजही त्याच घाटातून गाडी नेते. निघण्याआधी एकदा पेडल दाबते आणि म्हणते, "कडक आहे, बसा." तुमच्या गाडीतल्या तायांनाही रोज हेच ऐकायला मिळावं. पुढच्या पाठात गाडीचा विमा आणि त्यातले बारीक अक्षरातले नियम बघू.